तायडे साहेबांचा बर्फ

तायडे साहेब कोणत्याही जमिनीवर सरळ पाय ठेवत नाहीत. आधी उजव्या बुटाचे टोक टेकवतात, दोनदा मागेपुढे घासतात, काही ऐकू येते का ते पाहावे तसे क्षणभर थांबतात आणि मगच अंगाचा भार त्या पायावर सोपवतात. दवाखान्याची पायरी असो, लग्नाचा हॉल असो वा आमच्या इमारतीची लिफ्ट, या नियमाला अपवाद नाही.

हा विधी मी प्रथम पाहिला तो दाराच्या भिंगातून. बहरीनच्या सनद भागातल्या या इमारतीत राहायला येऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. माझी पत्नी पुण्यात नोकरी करते. मी ईसा टाउनमधल्या एका शाळेत हिंदी शिकवतो आणि इथे एकटाच असतो. एकट्या माणसाला दारापुढची चाहूल जरा जास्तच ऐकू येते. बाहेर एक ठेंगणे, टक्कल पडलेले गृहस्थ माझ्या उंबऱ्यापुढे उभे राहून फरशीला बूट घासत होते. मी दार उघडले नाही. दुसऱ्या दिवशी तेच गृहस्थ, तेच घासणे. माझ्या मनात चोरापासून घरमालकाच्या हेरापर्यंत सर्व शक्यता येऊन गेल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी बेल वाजवली.

"मी तायडे. बाजूचा. तुमच्या दारापुढं पॉलिश कोनं मारलं?"

"मी नाही," मी घाईने म्हणालो. आरोप कशाचा आहे हे कळण्याआधीच तो नाकारण्याची मला सवय आहे.

"मंग कोनीतरी मारलं. कोरडी आहे तोवर ठीक. पानी सांडलं की ही फरशी शून्य. उतरूच नका." एवढे बोलून त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे, मग माझ्या खोलीकडे आणि शेवटी माझ्या रबरी चपलांकडे पाहिले. तिन्हींविषयीही त्यांचे मत चांगले झाले नसावे.

तायडे साहेब अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरचे. विमानतळावर धावपट्टीची पाहणी करणे हे त्यांचे काम. पट्टीवर धूळ किती, विमानांच्या चाकांचे रबर किती चिकटले आहे, पाऊस झालाच तर पाणी कुठे साचले आहे, हे पाहून ते अहवाल देतात. या अहवालाची एक रीत आहे. धावपट्टीचे तीन समान भाग करायचे आणि प्रत्येकाला शून्य ते सहा यांपैकी एक आकडा द्यायचा. सहा म्हणजे कोरडी, निर्धोक. पाच म्हणजे ओली. मग आकडा उतरेल तशी घसरण वाढते, आणि शून्य म्हणजे विमानाने तिथे येऊच नये. बहरीनमध्ये वर्षाचे बहुतेक दिवस हा अहवाल सहा, सहा, सहा असाच असतो. दिवसेंदिवस सहा लिहून माणसाच्या मनात जो संशय साठतो, तो तायडे साहेब उरलेल्या जगावर खर्च करतात.

आमच्या मुख्याध्यापकांचे भाषण त्यांनी एका स्नेहसंमेलनात ऐकले. बाहेर पडताना मला म्हणाले, "पाच, तीन, एक." मराठी मंडळाच्या कार्यक्रमातल्या जेवणाला त्यांनी चार, चार, दोन दिले, गोड पदार्थ शेवटच्या भागात आला आणि घसरला, असे त्यांचे निरीक्षण होते. माणसांनाही हीच मोजपट्टी. एका विमा विकणाऱ्या तरुणाला त्यांनी दारातच ऐकवले, "पहिल्या भागात तुम्ही सहा आहात, भाऊ. मले भीती शेवटच्या भागाची आहे."

एखाद्याविषयी कुणी चांगले बोलू लागले की ते हात वर करून थांबवत. "भरवसा मफी." मफी हा इथला चलनी शब्द, त्याचा अर्थ 'नाही'. दुकानात साखर मफी, पार्किंगला जागा मफी, तसा तायडे साहेबांचा भरवसा मफी. "आकडा खाली आनाले कोनाले इचारा लागत नाई, सर," ते मला समजावत. "शंका आली, की उतरवा. वर चढवाले मात्र पुरावा लागते. मानसाचं बी तसंच पाहिजे."

मला त्यांनी बराच काळ तीन दिले होते. कारण विचारण्याचे धैर्य मला वर्षभराने झाले. "तुमी फार मऊ बोलता," ते म्हणाले. त्या एका वाक्यामागे त्यांचे सर्व तत्त्वज्ञान उभे होते, आणि ते तत्त्वज्ञान बर्फाचे होते.

तायडे साहेबांनी बर्फ पडताना कधीही पाहिलेला नाही. पण नोकरीच्या सुरुवातीला झालेल्या प्रशिक्षणात बर्फाच्छादित धावपट्टीवरचे काही धडे होते. बहरीनच्या नेमणुकीवर असलेल्या इतर सर्वांनी ते चहाच्या सुट्टीसारखे घालवले. तायडे साहेबांना मात्र तिथे आयुष्याचा विषय सापडला. तेव्हापासून उत्तरेकडच्या विमानतळांचे अहवाल ते रोज मोबाइलवर वाचतात. ऑगस्टमध्ये, गाडीचे दार उघडायला हाताला रुमाल गुंडाळावा लागतो अशा दुपारी, त्यांनी मला बर्फावर मोठे विमान कसे उतरवतात ते सांगितले होते.

"दोनशे टनाचं धूड आहे, सर. खाली बर्फ. तुमी पायलट असते तं काय केलं असतं?"

"अगदी हळुवार टेकवले असते," मी म्हणालो.

"आनि सगळे मेले असते." त्यांना माझे उत्तर आधीच ठाऊक होते. "हळुवार टेकवाच्या नादात विमान तरंगत पुढं जाते. तितकी पट्टी वाया. चाकावर भार नाई, तं ब्रेक काय कामाचा? बर्फावर आपटा लागते. ठाम. चाक बर्फातून खालच्या डांबराले भेटलं पाहिजे. मंग पंखावरच्या फळ्या उभ्या, इंजिनाचा जोर उलटा, ब्रेक यंत्राच्या हवाली, आनि नाक सरळ. ज्या पायलटच्या उतरन्याले लोक टाळ्या वाजवते, तो बर्फावर भरवशाचा नाई."

मऊ बोलणारी माणसे त्यांना का चालत नाहीत याचा उलगडा मला त्या दिवशी झाला.

आमच्या कोपऱ्यावर एक कोल्ड स्टोअर आहे. इकडे किराणा दुकानाला असेच म्हणतात. तिथल्या आइस्क्रीमच्या पेटीत साचलेल्या हिमावर तायडे साहेब बोट फिरवत आणि स्वतःशी पुटपुटत, "सुका. दाबलेला. तीन." दुकानाचे केरळी मालक गल्ल्यावरून ओरडत, "तायडे साब, लेना है तो लो, नहीं तो डब्बा बंद करो. मेरा कुल्फी पिघलता है." तायडे साहेब पेटी बंद करत आणि मला बाहेर सांगत, "पेटीचं झाकन ढिलं आहे. ह्या मानसाचा बी भरवसा मफी."

या संशयाच्या राज्यात एकच व्यक्ती तपासणीविना राहत होती, ती म्हणजे त्यांच्या पत्नी, रत्नमाला वहिनी. त्यांना तायडे साहेबांनी कोणता आकडा दिला आहे असे मी एकदा गमतीने विचारले. ते रागावले. "घरात कोन मोजते काय?"

त्यांची एकुलती मुलगी संघमित्रा, घरातली मितू, माझ्या शाळेत माझी विद्यार्थिनी होती. मराठी तिला सगळे कळे, उत्तर मात्र इंग्रजीत येई. लग्नानंतर ती नवऱ्याबरोबर फिनलंडला, हेलसिंकीला गेली. या हिवाळ्याच्या तोंडाशी तिला सातवा महिना लागला, डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, आणि आईने यावे असा तिचा रोजचा धोशा सुरू झाला. जावई दिवसभर नोकरीवर. मितूच्या सासूबाईंना गुडघ्यांमुळे प्रवास जमणारा नव्हता. वहिनींनी व्हिसा मिळवला, डिंक, खारीक, हळीव बांधले, दोन लोकरी शाली आणल्या. तिकीट डिसेंबरच्या पहिल्या आठवड्याचे होते.

पण जाणे झाले नाही. आदल्या दिवशी तायडे साहेबांनी जाहीर केले, "तिकडं पट्टी दोन, दोन, एक. बर्फावर पानी. असं मी शत्रूले बी पाठवनार नाई." तिकीट पुढे ढकलले. पुढच्या तारखेला पुन्हा तेच. रोज सकाळी जिन्यात ते मला आकडे सांगू लागले आणि रोज आकडे वाईटच असत. वहिनी काही बोलत नसत. डिंकाची पिशवी दाराशी तशीच उभी होती.

नाताळच्या सुट्टीत मला मितूचा फोन आला.

"सर, please, बाबांना समजवा ना. I'm really scared. आई delivery च्या आधी नाही आली तर मी एकटी काय करू?"

"पण बाळ, तिथे इतका बर्फ असताना..."

"कुठला बर्फ?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"सर, यंदा snow पडलाच नाहीये. नुसता पाऊस. सगळे इथे complain करतायत, black Christmas म्हणून. बाबा काय सांगतायत?"

मी सावधपणे, बाबांच्या वाचण्यात काही चूक झाली असावी, असे काहीतरी बोललो. फोन ठेवल्यावर मला त्यांचा विलक्षण संशय येऊ लागला. ज्या माणसाने आयुष्यात एक आकडा वाढवून लिहिला नाही, तो महिनाभर खोटे आकडे सांगत होता. का? तिकिटाचे काही बिनसले असेल का? जावयाशी भांडण? की मुलीच्या घरी काही असे आहे, जे आईने पाहू नये असे यांना वाटते? दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या दारावरून जाताना कान देऊन चाललो, आणि तिसऱ्या दिवशी त्यांच्या वागण्यातल्या प्रत्येक साध्या गोष्टीत मला कट दिसू लागला. संशय हा संसर्गजन्य असावा.

शेवटी एका शुक्रवारी, जनाबिया भागात एका ओळखीच्यांकडे बारशाला जाताना, त्यांच्या गाडीत मी विषय काढला. तायडे साहेब गाडी इतकी सावकाश चालवतात की मागच्यांचे हॉर्न हा आमच्या संभाषणाचा नेहमीचा भाग असतो.

"आज तिकडे काय आकडा आहे?" मी विचारले.

"दोन."

"साहेब, तिथे बर्फ पडलेलाच नाही."

मी इतक्या थेटपणे कुणाशी बोललो आहे असे मला आठवत नाही. त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि इंजिन बंद केले. समोर बंगल्यांची एक लांब पांढरी भिंत होती. ते तिच्याकडेच पाहून बोलले.

"पोरीनं सांगतलं?"

"हो."

"पाच आहे," ते म्हणाले. "पाच, पाच, पाच. महिनाभर पाचच आहे. नुसती ओली."

मी त्यांच्याकडे वळून बसलो.

"ती म्हनते, तीन महिन्यासाठी जातो." त्यांनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. "सर, मी बी दोन वर्षासाठीच आलतो इकडं. दोन वर्षं. मंग गावी परत. तिले बी असंच सांगतलं होतं. मितू तवा पाळन्यात होती. नऊ वर्षं मी इथं एका खोलीत सहा जनांत काढली, फॅमिली व्हिसा भेटेपर्यंत. जानारा खोटं बोलत नाई, सर. जाताना त्याले खरंच वाटते. मंग तिकडं काम निघते, कोनाले तरी त्याची गरज लागते, आनि दिवस वाढत जाते." त्यांनी आरशात मागचा रस्ता पाहिला. "लेकराले पाहून तिचा पाय निघन का तिथून? नाई निघनार. मी तिच्या जागी असतो तं माहा बी निघाला नसता."

मागून एक गाडी हॉर्न वाजवत गेली.

"तुमी किती वर्षासाठी आलते?" त्यांनी विचारले.

"दोन," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि गाडी सुरू केली. बारशाला आम्ही उशिरा पोहोचलो. तिथल्या जेवणाला त्यांनी आकडे दिले नाहीत.

त्याच संध्याकाळी त्यांनी वहिनींना खरे सांगितले. मी तिथे असावे असा त्यांचा आग्रह होता. एकट्याने सांगण्याची त्यांची तयारी नव्हती. वहिनी मेथी निवडत बसल्या होत्या. साहेबांनी उभ्यानेच सांगितले, की अहवाल चुकीचे होते, धावपट्टी ओली आहे, बर्फ नाही, उद्याचे तिकीट काढतो.

"बरं," वहिनी म्हणाल्या आणि मेथी निवडत राहिल्या.

साहेब आत तोंड धुवायला गेले. वहिनी माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, "मले काय दिसत नाई का, भाऊ? पोरीचा रोज व्हिडिओ येते. तिच्या खिडकीतून नुसता पाऊस दिसते."

"मग तुम्ही बोलला का नाही?"

"जन्मभर या मानसानं कोनाच्या सांगन्यावरून एक आकडा बदलला नाई. वरच्या सायबानं सांगो का कोनी. आनि आता बदलला, तं माह्यासाठी." त्यांनी एक पिवळे पान बाजूला टाकले. "म्हनलं, राहू द्या चार दिवस. पोरीचे दिवस भराले अजून अवकाश होता. नसतं सांगतलं तं उद्या मीच बोलली असती. तिकीट बी मीच काढलं असतं."

तिकीट जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्याचे मिळाले, सकाळचे, मध्ये एकदा विमान बदलून दुपारी उशिरा हेलसिंकीला पोहोचणारे. आणि ज्या दिवशी वहिनी निघाल्या, त्या दिवशी तिथे खरोखर बर्फ पडला.

विमानतळावर निघण्याच्या दाराशी तायडे साहेबांनी मोबाइल पाहिला आणि त्यांचा चेहरा पांढरा झाला. पुन्हा पाहिला. मग वहिनींना म्हणाले, "रात्रीपासून बर्फ पडते तिकडं. तीन, तीन, तीन."

वहिनींनी त्यांच्याकडे रोखून पाहिले. "खरं का मागच्यावानी?"

"खरं."

त्यांनी मोबाइल पुढे केला. वहिनींनी तो घेतला नाही. त्यांच्या शालीच्या टोकाशी काही धागे सुटले होते, ते त्या बोटाने गुंडाळत राहिल्या. "मंग?" त्यांनी विचारले. "तुमी सांगा. जाऊ का नको?"

मी जरा दूर सरकलो. महिनाभर ज्या कारणाची ते खोटी आवृत्ती रचत होते, ते आता खरे होऊन त्यांच्या हातात आले होते. कुणीही त्यांना दोष दिला नसता. मितूनेही नाही.

"तीनवर विमान उतरते," तायडे साहेब म्हणाले. "बर्फ काढनाऱ्या गाड्या रांगेनं चालते तिकडं. पट्टी घासते, फुंकते, पुन्हा मोजते. त्याइचं रोजचं काम आहे ते. माह्यापेक्षा चांगलं करते." त्यांनी मोबाइल खिशात टाकला. "माहा भरवसा आहे. जा तू."

आधीच्या इतक्या वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते. वहिनीही वळून दोनदा पाहत आत गेल्या.

दुपारपासून ते माझ्याकडे येऊन बसले. नकाशावर विमानाचे एक छोटे चित्र बाल्टिक समुद्रावरून सरकत होते. मी चहा केला. तो त्यांनी थंड होऊ दिला. अधूनमधून ते आकडे वाचत. पट्टी झाडण्यासाठी बंद. पुन्हा सुरू. तीन, तीन, दोन. वारा आडवा. वहिनींचे विमान एक फेरी मारून वाट पाहत राहिले, तेव्हा साहेब उठून उभे राहिले आणि माझ्या दिवाणखान्याच्या मधोमध हात मागे बांधून थांबले, जणू पाहणीच्या गाडीतून पट्टीच्या कडेला उतरले आहेत.

"आता झेपावू नको," ते पडद्याला सांगत होते. "तरंगू नको, बाप्पा. टाक खाली."

चित्र थांबले. मग चित्र सरळ रेषेवरून वळून बाजूच्या वाटेला लागले.

फोन यायला पाऊण तास लागला. साहेबांनी तो स्पीकरवर घेतला. "माही कंबर मोडली," वहिनींचा आवाज आला. "असं आपटलं त्यानं, की समोरची बाई रडली. असा कसा पायलट ठेवते?"

"चांगला आहे तो," तायडे साहेब म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "लई चांगला आहे. जावई आला का घ्याले? गाडीचे टायर कोन्ते आहे, इचार त्याले. बर्फाचे आहे का?"

वहिनी जाऊन आता पाच आठवडे झाले. नात झाली आहे. तिचे केस काळे आणि भरपूर आहेत असे कळते. आमच्या दोन घरांमधली भिंत पातळ आहे. रोज संध्याकाळी पाचला पलीकडे टीव्ही लागतो आणि वहिनींच्या आवडीची कौटुंबिक मालिका सुरू होते. ही मालिका चालू असताना तायडे साहेब पूर्वी जिन्यात येऊन उभे राहत. तिच्यातले एकही पात्र भरवशाचे नाही असे त्यांचे मत होते. आता ते ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहतात. संपली की हेलसिंकीला फोन लावतात.

"आयक," त्यांचा मोठा आवाज भिंतीतून येतो. "थोरल्या सुनेनं दागिने लपवले. नाई, धाकटीवर आळ आला. सासू गप्प आहे, तिचा मले संशय आहे." तिकडून वहिनी काहीतरी विचारत असाव्यात, कारण ते मध्येच सांगतात, "थांब ना, येतो मी तिथं." मालिका तिकडे मोबाइलवर टीव्हीच्याही आधी दिसते. मितूनेच मला हे सांगितले, आणि हेही सांगितले, की आई दुपारीच ती पाहून घेते आणि बाबांना त्याविषयी बोलत नाही.

काल मात्र ते गोष्टीच्या ऐन मध्यावर थांबले. पोलीस दारात आले होते, थोरली जिन्यावर उभी होती.

"मंग काय झालं?" फोन स्पीकरवर असावा, वहिनींचा आवाज मलाही ऐकू आला.

"बाकीचं तू आल्यावर सांगतो," तायडे साहेब म्हणाले.

बाळ कुठेतरी कुरकुरत होते.

"बरं," वहिनी म्हणाल्या. "तवा सांगा. मले काई मालूम नाई."